वाळूतले बारीक सोने कसे शोधावे आणि कसे धरावे

पाण्यात धुऊन सोने वेगळे करण्याची सगळी विद्या दोन आकड्यांवर उभी आहे: सोन्याची घनता १९.३ आणि गारगोटीची २.६५. एवढा फरक असताना सोने हातचे निसटायला नको, असे कोणालाही वाटेल, आणि टाचणीच्या डोक्याएवढा कण असेल तर तो नवख्या माणसाच्या हातूनही सहसा निसटत नाही. अडचण अशी की पुष्कळ नद्यांच्या वाळूत सोने असते ते पिठासारखे, ०.१ मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान कणांचे. तेवढ्या बाजूच्या घनाकृती कणांचा हिशेब केला तर एका ग्रॅमला सुमारे ५२ हजार कण लागतात; कण चपटे असून त्यांची जाडी रुंदीच्या दशांश असेल तर हाच आकडा पाच लाखांवर जातो. हे बारीक सोने का निसटते हे आधी समजून घेतले, तर पुढची प्रत्येक कृती कशासाठी करायची ते वेगळे सांगावे लागत नाही.

पहिले कारण आकारमानाचे आहे. पाण्याखाली प्रत्येक पदार्थाचे वजन त्याने सारलेल्या पाण्याइतके घटते, म्हणून सोन्यासाठी १८.३ आणि गारगोटीसाठी १.६५ असे आकडे धरावे लागतात; हे प्रमाण अकरास एक पडते. परंतु अगदी बारीक कण संथपणे बुडतात तेव्हा त्यांचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे अकरा नव्हे, तर अकराचे वर्गमूळ, म्हणजे साधारण सव्वातीन, एवढाच लाभ आपल्या पदरात पडतो. गोल कण धरले तर ०.१ मिलिमीटर सोने आणि ०.३३ मिलिमीटर गारगोटी जवळजवळ बरोबरीने तळाशी पोचतात. सोन्याबरोबर तळाशी उरणाऱ्या काळ्या वाळूतल्या मॅग्नेटाइटची, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाची, घनता सुमारे ५.२ असल्यामुळे तिथे हा लाभ जेमतेम दुपटीवर येतो. दुसरे कारण आकाराचे: सोने मऊ असल्याने गोट्यांखाली ठेचले जाऊन त्याची पापडी होते, आणि पापडी पाण्यात झाडाच्या पानासारखी हेलकावत उतरते. तिसरे कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्वच्छ सोन्याला पाणी धरते, पण हवेतला किंवा हाताचा तेलकट अंश त्यावर चटकन बसतो, मग पाणी त्याला धरत नाही आणि असा कोरडा राहिलेला कण पाण्याच्या पृष्ठभागावर चक्क तरंगत निघून जातो.

तेव्हा बारीक सोन्याच्या कामात चाळणे, भिजवणे आणि पाण्याचा वेग कमी ठेवणे या तीन गोष्टी मुख्य आहेत. महागडी साधने त्यानंतर येतात, आणि माझ्या मते पुष्कळदा येण्याची गरजही नसते.

नदी वाचणे

शोध सुरू करण्यापूर्वी त्या जागेचे खनिज हक्क कोणाकडे आहेत आणि हाताने वाळू धुण्यास तिथे परवानगी आहे का, याची लेखी खातरजमा करावी. बहुतेक देशांत जमिनीचा मालक आणि जमिनीखालच्या खनिजाचा मालक एकच असतो असे नाही. मासे अंडी घालतात त्या काळात पात्रात उतरू नये, काठ कोरू नये आणि केलेले खड्डे निघण्यापूर्वी बुजवावेत.

नदीत सोने सर्वत्र सारखे पसरलेले नसते. पुराच्या वेळी पाण्यात त्याला हलवण्याइतका जोर येतो आणि तो जोर जिथे ओसरतो तिथे ते बसते. म्हणून आजचा संथ प्रवाह पाहून जागा ठरवण्याऐवजी पूर आला असता पाणी कोठून कसे वळले असते, हे डोळ्यांसमोर आणावे. वळणाची आतली बाजू, मोठ्या शिळेच्या खालच्या अंगाचा आडोसा, धबधब्यासारख्या उतारानंतर पात्र एकदम रुंदावते ती जागा, आणि दोन वळणांच्या आतल्या टोकांना जोडणारी सरळ रेषा, एवढ्या ठिकाणी प्रथम नमुने घ्यावेत. जड माल शक्य तितका सरळ जाऊ पाहतो, म्हणून ही रेषा महत्त्वाची.

खोलीचा विचार निराळा करावा लागतो. जाडसर सोने वाळूच्या थरातून खाली सरकत तळाच्या मूळ खडकापर्यंत जाते, आणि प्रवाहाला आडव्या जाणाऱ्या त्या खडकाच्या भेगा या सोने अडवणाऱ्या नैसर्गिक आडपट्ट्याच असतात. अशी भेग सापडली तर वाकवलेल्या तारेने आणि जुन्या दातांच्या ब्रशने तिचा तळ खरवडून शेवटच्या चिमटीपर्यंत माल काढावा. गुळगुळीत रांजणखळगे पाहून मोह होतो, परंतु त्यांत गोटे घुसळत असल्यामुळे ते सहसा निराशा करतात; अरुंद, खरबरीत भेग त्यांच्यापेक्षा भरवशाची. कधीकधी खडकापर्यंत जावेच लागत नाही, कारण मध्येच घट्ट चिकणमातीचा थर असतो आणि सोने त्यावरच थांबते. अगदी बारीक सोने मात्र खोल जाण्याच्या भानगडीत पडत नाही. ते प्रत्येक पुरात नव्याने येऊन वळणाच्या आतल्या वाळूपट्ट्याच्या माथ्यावर, पहिल्या काही सेंटिमीटरांतच बसते. खडकांवरचे शेवाळ आणि काठावरच्या गवताची मुळे हीही त्याची हक्काची घरे आहेत; शेवाळ उपटण्याऐवजी बादलीत पिळून आणि झटकून घ्यावे, म्हणजे ते पुन्हा वाढते.

नमुन्याचा हिशेब ठेवला नाही तर शोध हा केवळ फेरफटका ठरतो. प्रत्येक जागेतून चाळण्यापूर्वीचा बरोबर दहा लिटर माल घ्यावा, धुऊन निघालेले सोन्याचे कण मोजावेत आणि जागा, खोली, कणांची संख्या व त्यांचा ढोबळ आकार वहीत लिहावा. दहा लिटरला जितके मिलिग्रॅम निघेल त्याची शंभरपट म्हणजे एका घनमीटरचा उतारा. एक सुंदर मोठा कण सापडला म्हणून जागा चांगली ठरत नाही. सलग पाच-सहा नमुन्यांत थोडे थोडे सोने येणारी जागा अधिक चांगली.

चमकते ते सोने आहे का, याची परीक्षा जागेवरच होते. अभ्रकाची पत्री उन्हात चमकते आणि सावलीत मंदावते, पाण्यात गिरक्या घेते आणि सुईने टोचल्यास तिचे पापुद्रे सुटतात. पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे पिवळे खनिज, सुईखाली चुरते आणि झिलई नसलेल्या पांढऱ्या चिनीमातीवर घासल्यास हिरवट काळी रेघ उमटवते. सोने सावलीतही तसेच पिवळे दिसते, सुईने दबते पण फुटत नाही, आणि त्याची रेघ पिवळीच येते.

चाळणे आणि रोळणे

पाण्यात हेलकावे देत धान्यातले खडे तळाशी बसवण्याला मराठीत रोळणे म्हणतात, आणि सोने धुण्याच्या क्रियेला याहून नेमके क्रियापद मला सापडलेले नाही. इथे फक्त तळाशी उरणारा खडाच आपल्याला हवा असतो.

रोळण्यापूर्वी माल चाळून घ्यावा. आधी १० ते १२ मिलिमीटरच्या चाळणीतून पाणी ओतत मोठे गोटे वेगळे करावेत. प्रत्येक गोटा चाळणीवरच धुतला जाईल हे पाहावे, कारण त्याला लागलेल्या मातीत सोने असते. मग २ मिलिमीटरच्या चाळणीतून उरलेला माल काढावा. चाळणीवर राहिलेला जाड भाग एकदा निरखून, भराभर रोळून पाहावा, आणि खाली गेलेल्या बारीक भागाकडे खरे लक्ष द्यावे. मातीचे गोळे हातांनी पूर्ण कुस्करावेत. चिकणमातीचा गोळा घरंगळत जाताना वाटेतले सोने अंगाला चिकटवून नेतो, म्हणून या कामात आळस परवडत नाही.

साधनासाठी सुमारे ३५ सेंटिमीटर व्यासाचे, तिरप्या कडांचे तसराळे पुरे आहे. काळ्या किंवा गडद हिरव्या प्लास्टिकवर पिवळा कण उठून दिसतो. लोखंडी तसराळे नवे असेल तर त्यावरचे तेल आगीवर जाळून टाकावे; प्लास्टिकचे असेल तर बारीक वाळू आणि साबणाने घासून त्याची चकाकी घालवावी. दक्षिण अमेरिकेत वापरली जाणारी उथळ शंकूच्या आकाराची लाकडी थाळी हेही उत्तम साधन आहे, कारण ओल्या लाकडाचा पोत बारीक कणांना धरून ठेवतो. पाण्याच्या टबमध्ये काम करत असाल तर त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकावेत, म्हणजे पृष्ठताण कमी होऊन तरंगणारे सोने बुडते. वाहत्या नदीत साबण टाकू नये. तिथे माल पाण्याखाली बोटांनी नीट कालवून भिजवणे हाच उपाय.

तसराळे दोन-तृतीयांश भरून पाण्याखाली सपाट धरावे आणि दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे झटके देत पंधरा-वीस सेकंद जोराने हलवावे. या हालचालीने माल पातळ होऊन जड कण खाली जातात. मग पुढची कड किंचित खाली झुकवून तसराळे पाण्यात बुडवावे आणि वर घ्यावे, म्हणजे पाण्याची परत वरची हलकी वाळू घेऊन ओसरते. असे चार-पाच वेळा केले की थांबावे, तसराळे पुन्हा सपाट करावे आणि पुन्हा हलवावे. नवशिक्यांची चूक जवळजवळ नेहमी एकच असते: ते धुतात फार आणि हलवतात कमी. वाळू वाहून जाताना दिसते म्हणून काम होत असल्यासारखे वाटते, पण खरे काम न दिसणाऱ्या तळाशी चालू असते.

आपला हात किती खरा आहे, हे तपासण्याची जुनी युक्ती आहे. शिशाचा छर्रा हातोडीने चपटा करून कात्रीने त्याचे १ मिलिमीटरपेक्षा लहान असे वीस तुकडे करावेत, सोने नसलेल्या वाळूत मिसळावेत आणि रोळून किती परत मिळतात ते मोजावे. शिशाची घनता ११.३ आहे, तेव्हा शिसे राहिले तर तेवढ्याच आकाराचे सोने नक्कीच राहील. मी पहिल्यांदा ही परीक्षा घेतली तेव्हा वीसपैकी तेरा तुकडे परत आले. त्याआधीचे कित्येक आठवडे मी नदीला दोष देत होतो. वीसपैकी एकोणीस-वीस येऊ लागेपर्यंत दुसरे कोणतेही साधन विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत.

शेवटी दोन चमचे काळी वाळू उरते. तसराळ्यात पेलाभर स्वच्छ पाणी घेऊन ते हलकेच गोल फिरवले की काळ्या वाळूची चंद्रकोर पसरत जाते आणि तिच्या मागच्या टोकाशी पिवळी कड उघडी पडते. आता तसराळे आपल्यापासून दूर किंचित कलते धरून कडेवर बोटाने टिचक्या माराव्यात. प्रत्येक टिचकीला काळी वाळू थोडी खाली सरकते आणि सोने जागच्या जागी राहते, त्यामुळे ते उताराच्या वर चढत आहे असा भास होतो. हे कण ड्रॉपरने उचलून पाणी भरलेल्या छोट्या काचेच्या कुपीत घ्यावेत.

पन्हळ आणि लोकर

जागा चांगली आहे हे नमुन्यांवरून ठरले की मोठ्या प्रमाणावर धुण्यासाठी पन्हळ लावतात: तळाशी आडपट्ट्या किंवा खरबरीत चटई असलेली लांबट, उघडी नळी. साधारण पन्हळीला दर मीटरला सुमारे ८ सेंटिमीटर उतार देण्याचा प्रघात आहे. बारीक सोन्यासाठी उतार त्याहून कमी, पन्हळ अधिक रुंद आणि पाण्याचा थर पातळ ठेवावा, आणि उंच आडपट्ट्यांऐवजी आखूड लव असलेले कापड, कॉर्डरॉय किंवा बारीक खाचांची रबरी चटई वापरावी. उंच पट्टीमागे जो भोवरा तयार होतो तो जाड कणांना धरतो, पण पापडीसारख्या कणांना पुन्हा उचलून देतो.

लोकरीचा उपयोग तर फार प्राचीन आहे. कॉकेशसच्या डोंगरी नद्यांतले सोने तिथले लोक भोके पाडलेल्या लाकडी पन्हळी आणि लोकरीची कातडी वापरून गोळा करतात, असे स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवले आहे, आणि जॉर्जियातील स्वानेती भागात मेंढीच्या कातड्याची ही रीत दीर्घकाळ टिकून होती. प्रवाहात पसरलेल्या केसांच्या जाळीत पाण्याचा वेग जवळजवळ शून्यावर येतो, आणि पिठासारख्या सोन्याला तेवढेच पुरते.

पन्हळीत पाणी किती सोडावे, याचे उत्तर चटईवर हात ठेवून मिळते. काळी वाळू बोटांखाली सैल, जिवंत लागली पाहिजे. ती घट्ट बसली असेल तर पाणी कमी आहे आणि नवे सोने तिच्यावरून घसरून जाईल. चटई उघडी पडली असेल तर पाणी जास्त आहे. माल एकदम न ओतता थोडा थोडा सोडावा, चटई वेळोवेळी धुवावी आणि मुख्य म्हणजे पन्हळीच्या शेवटी बाहेर पडणारी वाळू दर तासाला तसराळ्यात रोळून पाहावी. त्यात सोने दिसले तर वर काहीतरी चुकते आहे. निर्जल प्रदेशात पाण्याऐवजी वाऱ्यावर माल पाखडतात. १८९०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शोधकांनी हेच केले. परंतु त्यासाठी माती पूर्ण कोरडी लागते आणि बारीक सोने वाऱ्याबरोबर जाते, म्हणून आपल्या कामाला ती पद्धत उपयोगी नाही.

काळ्या वाळूची कटकट

खरी कसोटी इथे लागते. मॅग्नेटाइट, इल्मेनाइट, हेमेटाइट आणि गार्नेट यांचे हे मिश्रण सोन्याला सर्वांत चिवटपणे धरून बसते. ०.५, ०.२५ आणि ०.१५ मिलिमीटर अशा चाळण्यांनी त्याचे भाग करावेत आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे धुवावा. मॅग्नेटाइटच्या बाबतीत लाभ जेमतेम दुपटीचा आहे, हे सुरुवातीला सांगितले. कण सारख्या मापाचे झाले की तो पूर्णपणे आपल्या बाजूला येतो. घरातला झारेकरी, म्हणजे सोनाराच्या राखेतून सोने धुऊन काढणारा, जसे काम करील तसे हे काम स्वस्थपणे टबाजवळ बसून करावे. नदीवर ते करण्यात अर्थ नाही.

एक साधी उतरती फळी यासाठी फार उपयोगी पडते. फळ्याला लावतात तसला खरबरीत काळा रंग दिलेल्या गुळगुळीत पाटीला अगदी अल्प उतार द्यावा, वरून कागदाइतका पातळ पाण्याचा पापुद्रा सोडावा आणि एका मापाच्या वाळूचा छोटा चमचा वरच्या कडेला ठेवावा. काळे कण घरंगळत खाली जातात, चपटे सोने पाटीला चिकटून राहते, आणि मऊ ब्रशने त्याला हलकेच वर लोटता येते.

लोहचुंबकाने मॅग्नेटाइट काढता येते, पण चुंबकाला लोंबणाऱ्या काळ्या दाढीत सोनेही अडकते. चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्याखाली फिरवावा, उचललेली वाळू दुसऱ्या भांड्यात सोडून पुन्हा उचलावी, असे तीन वेळा करावे आणि खाली पडलेले मूळ मालात परत टाकावे. वाळवलेल्या शेवटच्या चिमटीसाठी घडी घातलेल्या गुळगुळीत कागदावर हळूच फुंकर मारण्याची रीत आजही सर्वांत चांगली आहे. खिडक्या बंद ठेवाव्यात आणि शिंक येणार असेल तर आधी कागद खाली ठेवावा.

पारा का नको

पारा सोन्याला ओले करतो आणि गारगोटीला करत नाही, म्हणून शतकानुशतके बारीक सोने पाऱ्यात गोळा करून नंतर तो तापवून उडवून देत आले. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती मेंदू व मज्जासंस्था कायमची बिघडवते. नदीत गेलेला पारा माशांमार्फत पुन्हा माणसात येतो. याच कारणाने २०१३ मध्ये पाऱ्याचा वापर आवरणारा मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून तो अमलात आला. शिवाय घुसळताना पाऱ्याचेच बारीक थेंब होतात आणि ते आपल्यातले सोने घेऊन वाहून जातात, म्हणजे ज्या बारीक सोन्यासाठी तो वापरायचा तेच गमावले जाते. जुन्या खाणींच्या खालच्या अंगाला कधीकधी पांढरट चंदेरी मुलामा असलेले सोन्याचे कण सापडतात. तो मुलामा बहुधा पाऱ्याचा असतो. असे कण वेगळ्या कुपीत पाण्याखाली ठेवावेत, ते कधीही तापवू नयेत आणि योग्य प्रयोगशाळेकडे द्यावेत. सायनाइडची प्रक्रिया हा कारखान्याचा विषय आहे, घरचा नव्हे.

मूस

पाऱ्याऐवजी सवागी, म्हणजे बोरॅक्स, वापरता येते. फिलिपिन्समधील बेंगेट प्रांतातल्या छोट्या खाणकामगारांनी ही पद्धत अनेक दशके यशस्वीपणे चालवली आहे. अट एकच की माल आधीच अगदी श्रीमंत झालेला हवा, म्हणजे डोळ्यांना काळ्यापेक्षा पिवळे अधिक दिसले पाहिजे. सवागी ७४३ अंशांना वितळते आणि उरलेल्या लोहखनिजांना व वाळूला आपल्यात सामावून पातळ काच बनवते, तर १०६४ अंशांना वितळलेले सोने त्या काचेतून खाली उतरून एका मण्यात गोळा होते.

माल, सवागी आणि मूस पूर्ण कोरडी असावी, कारण ओलाव्याचा एक थेंबसुद्धा तापलेला रस उडवतो. मूस रिकामीच तापवून आतून सवागीचा हात द्यावा, सोन्याच्या कणांत त्यांच्याइतकी किंवा थोडी जास्त सवागी मिसळून ते पातळ कागदाच्या पुडीत बांधावेत, म्हणजे भट्टीच्या झोताने बारीक सोने उडून जात नाही, आणि मग पुडी मुशीत सोडावी. काम मोकळ्या हवेत, चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घालून करावे. गंधक किंवा आर्सेनिक असलेली खनिजे मालात असल्याची शंका असेल तर तो माल घरी तापवूच नये.

निघालेला मणी शुद्ध सोन्याचा नसतो. नदीतल्या सोन्यात नेहमीच थोडी चांदी असते आणि सवागी ती काढू शकत नाही. मणी कसोटीवर घासून त्याचा कस पाहता येतो, परंतु चांदी वेगळी करण्यासाठी तेजाब लागते आणि ते काम शुद्धीकरण करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे. मुशीतली काच थंड झाल्यावर हातोडीने फोडून मणी सोडवावा. काच फेकू नये. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे बारीक मणी अडकलेले असतात, म्हणून ती खलबत्त्यात पाणी घालून ओली कुटावी, म्हणजे धूळ नाकात जात नाही, आणि ०.१५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून पुन्हा एकदा तसराळ्यात रोळावी.